श्राद्धाच्या पानात पीच

ओसाका, सप्टेंबरची नऊ तारीख

तेग्यू, तिने माझा तवा घासला. साबण लावून, काथ्याने, खसाखसा. ज्या लोखंडी तव्यावर मी वीस वर्षं कोबीची धिरडी घालते, ज्याच्यात तेल मुरून मुरून काळ्या आरशासारखी चकाकी आली होती, तो तवा थोरल्या आईने सकाळी माझ्या आधी उठून पांढराफटक केला आणि वर मलाच म्हणाली, "किती गं ही घाण साचू दिलीस, लोकांना काय वाटत असेल." लोकांना काय वाटतं ते दुपारी कळलं. एकूण एक धिरडं तव्याला चिकटलं. मी उलथन्याने खरवडून चिंध्या वाढत होते आणि गिऱ्हाइकं बिचारी गुमान खात होती. छत्र्यांच्या दुकानातला तो म्हातारा तर म्हणाला, मावशी, आजचा हा नवीन प्रकार आहे का, चावायला सोपा आहे. मी त्याला काय सांगू? की ही माझी आई आहे, सख्खी, आणि महिन्याहून जास्त झालं, ती माझ्या माडीवर अंथरूण टाकून बसली आहे, आणि माझा नवरा तेव्हापासून सकाळी जो पचिंकोच्या यंत्रांवर जुगार खेळायला जातो तो दुकानाचे दिवे लागल्याशिवाय परत येत नाही?

पत्राची सुरुवात अशी करू नये एवढं मला कळतं. चार यत्ता शिकले आहे, अगदीच अडाणी नाही. तर घे. चिरंजीव तेग्यू यास थोरल्या बहिणीचा भरघोस आशीर्वाद. तुझं पित्त कसं आहे? फुमिएची मान दुखायची थांबली का? टोकियोत उकाडा ओसरला असेल, इथे अजून ओसरला नाही. पुढे "आमच्याकडे सर्व कुशल" असं लिहायची पद्धत आहे, पण सर्व कुशल असतं तर मी पत्र कशाला लिहिलं असतं, वर्षभर तरी कुठे लिहिते. तू फोन उचलत नाहीस म्हणून लिहिते आहे. तुझ्या कार्यालयात फोन केला की ती मुलगी गोड आवाजात सांगते, ताकायामासाहेब बैठकीत आहेत. (तुझं खरं आडनाव 'को' आहे, ताकायामा हे जपान्यांत लावायचं, हे तिला ठाऊक नसणार, ते मी समजून घेते. पण इतक्या बैठका? माणूस उभा कधी राहतो?)

आता एक गोष्ट. हे पत्र फुमिएला वाचून दाखव. लग्नाला सहा वर्षं झाली आणि तू त्या पोरीला घरचं काहीही सांगितलेलं नाहीस, आणि आजचा सगळा गोंधळ त्याच्यामुळे झाला आहे. तिचा दोष नाही. तिला कोणी सांगितलंच नाही की आमच्या माणसांच्या श्राद्धाच्या पानात सगळं चालतं, सफरचंद चालतं, पेर चालतं, चेस्टनट चालतात, आमच्या बेटावरची माणसं तर बेकरीचा केक सुद्धा ठेवतात, पण पीच चालत नाही. पीचला मेलेली माणसं भितात. पीच दिसला की आत्मा दारातूनच मागे फिरतो. हे तिकडे कोरियात, जेजू बेटावर शेंबड्या पोराला कळतं. ओकायामाच्या बागायतदाराच्या मुलीला कसं कळणार? तिच्या माहेरी पितरांपुढे पहिला मान पीचचाच. तिने बाबांचं श्राद्ध आहे ऐकलं, आणि तू जाणार नाहीस हेही ऐकलं, आणि तिला बिचारीला लाज वाटली. (तुला वाटायला हवी होती ती तिला वाटली.) तिने वडिलांना सांगून बागेतले सगळ्यांत चांगले पीच काढवले, एकेक कागदात गुंडाळून, लाकडी पेटीत, वर पांढरी फीत. पेटी श्राद्धाच्या सकाळी धाकट्या आईच्या दारात आली. तू आला असतास तर ती पेटी आली नसती, हे मी एकदाच लिहून सोडून देते.

फुमिएला मुळापासून सांगायचं तर बोटीपासून सांगावं लागेल. बाबा बेट सोडून ओसाकाला पळून आले तेव्हा मी पोटात होते. तेव्हा तिकडे दिवस वाईट होते, धडधाकट पुरुष दिसला की कोणीतरी उचलून न्यायचं, त्यामुळे पळाले त्याबद्दल मी काही बोलत नाही. थोरली समुद्रात बुडी मारून शिंपले काढायची आणि वाट बघायची. सहा वर्षं वाट बघितली, मग एका रात्री मला पाठीला बांधून सुकटीच्या बोटीत चढली. मला सांगितलं होतं, खोकलीस तर समुद्रात टाकीन. मी आजतागायत तिच्यासमोर खोकत नाही. ओसाकात पत्ता विचारत विचारत आम्ही त्या बोळातल्या घराशी पोचलो आणि दार उघडलं तर आत एक तरुण बाई, तिच्या पाठीला एक बाळ (ते तू), आणि चुलीवर रस्सा उकळतोय. बाबांनी धाकटीला सांगून ठेवलं होतं की पहिली बायको बेटावर वारली. त्यामुळे थोरली दारात उभी राहिली तेव्हा धाकटीला पहिल्यांदा वाटलं की हे भूत आहे. आणि भूत आहे असं वाटूनसुद्धा ती काय म्हणाली माहीत आहे? "अक्का, जेवलात का?" हीच ती बाई. बाबा मागच्या दाराने बाहेर पडले ते पुढच्या आठवड्यात परत आले. तोपर्यंत दोघींनी स्वयंपाकघर मधोमध वाटून घेतलं होतं, डावी चूल थोरलीची, उजवी धाकटीची, जशी बेटावर एका अंगणात दोन बिऱ्हाडांची असते तशी. बाबा परत आले तेव्हा दोन्हीकडे ताट वाढलेलं होतं. घाबरून दोन्हीकडे जेवले. पुढे मरेपर्यंत दोन्हीकडे जेवले. त्यांचं पोट सुटलं होतं ते सुखाने नाही, हे सांग फुमिएला.

आणि अदलाबदल त्याच दिवशी झाली. थोरलीने धाकटीच्या पाठीवरचं बाळ पाहिलं, मुलगा आहे कळलं, हात पुढे केले. धाकटीला बाळंतपणानंतर ताप येत होता, तिने तुला सोडून दिलं आणि माझ्याकडे बघितलं. मी सुकटीच्या वासाची, डोक्यात उवा. तिने मला मांडीवर पालथं घातलं आणि फणी घेतली. त्यानंतर परत अदलाबदल करायचं कोणाच्या लक्षातच आलं नाही. माझी सख्खी आई तुला पाठीला बांधून बाजारात कोबीची हातगाडी ओढायची, तुझी सख्खी आई घरी बसून रबरी चपलांना डिंक लावायची आणि मला वेण्या घालायची. म्हणून तर आपलं हे असं आहे. दोघी भांडल्या की मी धाकटीची बाजू घेते आणि तू थोरलीची, आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाटतं आपण दोघं फार मोठ्या मनाचे आहोत.

तुझ्या शाळेतलं ते चित्र तू विसरला असशील, मी नाही विसरले. बाईंनी घरचं चित्र काढायला सांगितलं. तू काढलंस, बाबा, मी, मधे दोन आया, दोघींच्या हातात झारा. बाईंना वाटलं पोराने चुकून एक जास्त काढली. त्यांनी लाल पेन्सिलीने एकीवर फुली मारली. तू रडत घरी आलास. दुसऱ्या दिवशी थोरली बाजारातून तशीच, डोक्यावर कोबीची ओली टोपली घेऊन वर्गात शिरली आणि म्हणाली, "बाई, फुली कोणावर मारलीत ते सांगा, म्हणजे घरी जाऊन तिला कळवता येईल." पाठोपाठ धाकटी पोचली, हातावर डिंक, आणि थोरलीच्या शेजारी उभी राहिली. वर्गातल्या पोरांनी आधी हिच्याकडे बघितलं, मग तिच्याकडे, मग चित्राकडे. बाई भल्या होत्या. त्यांनी खोडरबर घेतलं, पण लाल पेन्सील काही जाईना, शेवटी त्यांनी स्वतः बसून फुलीवरती एक नवी आई काढली, दोघींपेक्षा सुंदर. ती आपण आहोत असं दोघींनाही वाटायचं. त्या चित्रावरूनसुद्धा भांडण झालं होतं, पण ते वेगळं.

बाबांचं म्हणशील तर त्यांनी आयुष्यात कधी काही ठरवलं नाही. वर उत्तरेत जायचं की खाली दक्षिणेत, इकडचं आडनाव लावायचं की तिकडचं, बेटावर परत जायचं की नाही, काही नाही. जरा आवाज चढला की चपला घालायचे. सार्वजनिक न्हाणीघरात गरम पाण्यात बसल्या बसल्या गेले, तेही मला वाटतं आता घरी जावं लागणार म्हणून. पण गेल्यावर सुधारले. गेली अठरा वर्षं दोघी मिळून त्यांचं श्राद्ध घालतात. थोरली भात आणि रस्सा करते, धाकटी तळणाचं आणि मासा करते, मी घासते पुसते, आणि तू वाकून नमस्कार करतोस. करायचास. (यंदा तू नव्हतास म्हणून माझ्या नवऱ्याला वाकायला लावलं. जावयाने वाकणं बरोबर आहे की नाही यावर दोघींचं आधीच वाजलं होतं. तो वाकला आणि त्याची कंबर धरली. तो तसाच वाकलेला राहिला, त्यामुळे पुढचं सगळं त्याने फक्त ऐकलं.)

तर झालं असं. पान मांडून झालं होतं. मागे घडीचा पडदा, बाबांचा फोटो, पितळी वाट्या घासून लख्ख. थोरली गरम भाताची वाटी घेऊन आली आणि थांबली. चेस्टनट आणि पेर यांच्या मधे तीन पीच. गुलाबी, गुबगुबीत, कागद काढून, खाली पानं पसरून.

"हे काय आहे?"

"फळ."

"कुठलं फळ?"

"अक्का, डोळे आहेत ना तुम्हाला."

थोरलीने वाटी खाली ठेवली. म्हणाली, "तू बेटावर जन्मलीस ना गं? की मधेच कुठे पडलीस?" धाकटी म्हणाली, सुनेने बापाच्या झाडावरून काढून पाठवलेत, एकेक कागदात बांधून, ते काय मी फ्रिजमध्ये कोंबू? पोरगा आला नाही, निदान तिने आठवण तरी ठेवली. थोरली म्हणाली, आठवण पोटात ठेवायची, पानात नाही. धाकटी म्हणाली, "जो माणूस शिपायांच्या डोळ्यांत धूळ फेकून, बोटीच्या तळाशी बसून समुद्र ओलांडून आला, तो एका पीचला घाबरून दारातून परत जाईल?" यावर थोरली जे बोलली ते ऐकून मला हसू आलं आणि मी ते दाबलं, कारण वेळ हसण्याची नव्हती. ती म्हणाली, "तो आयुष्यभर प्रत्येक गोष्टीला घाबरून दारातून परत गेला."

मग धाकटी जे बोलायला नको तेच बोलली. म्हणाली, मग आजही गेला असेल, गेला तर गेला, अठरा वर्षं वेळेवर जेवतोय, एक वर्ष उपाशी राहिला तर मरत नाही. थोरलीने भात, रस्सा, दारू, मीठ, सगळ्या पितळी वाट्या एकेक करून मोरीत रिकाम्या केल्या. (माझा नवरा खालून ओरडत होता, झालं का, उठू का.) वाट्या फडक्यात बांधल्या, अंथरूण गुंडाळलं, गाठोडं डोक्यावर घेतलं आणि सरळ चालत माझ्या दुकानात. त्र्याहत्तर वर्षांची बाई, वाटेत एकदाही थांबली नाही. बाजारात मुळे विकणाऱ्या बाईने विचारलं, कुठे निघालात, तर म्हणाली, माहेरी. म्हणजे माझ्याकडे.

आता परिस्थिती अशी आहे की वाट्या इकडे आणि पडदा-फोटो तिकडे. सत्तावीस तारखेला चुसोक, पौर्णिमेचा सण. पितरांचं पान मांडायलाच हवं. थोरली म्हणते ती माझ्याकडे मांडणार, वाट्या तिच्याकडे आहेत, फोटो नसला तरी चेहरा तिला पाठ आहे. धाकटी म्हणते ती घरी मांडणार, काचेच्या वाट्यांत, त्यात काय. आणि दोघीही म्हणतात, तेग्यू माझ्याच पानापुढे वाकेल. बाबांना जिवंतपणी ठरवता आलं नाही की कोणाकडे जेवायचं, ते आता मेल्यावर ठरवणार का? ते दोन्ही बोळांच्या तोंडाशी उभे राहतील चपला घालून आणि निघून जातील. आणि त्यांच्यानंतर हे घरसुद्धा जाईल, तेग्यू. एकदा का सणाची पानं दोन ठिकाणी मांडली गेली की पुन्हा एक होत नाहीत, हे आपल्या बाजारात मी तीन घरांत पाहिलं आहे. त्या दोघी काही पुढच्या शंभर वर्षांसाठी नाहीत. मिटायचं असेल तर ते या चुसोकला मिटेल.

दुकानही बंद आहे, ते सांगायचं राहिलं. त्यांचं किमचीचं. कोबीला मीठ लावणं थोरलीचं काम, मसाला कालवणं धाकटीचं, आणि इतक्या वर्षांत एकीने दुसरीला आपल्या टोपात हात घालू दिलेला नाही. धाकटीने एकटीने मीठ लावून पाहिलं, कोबी दोरखंडासारखा झाला. थोरलीने माझ्या मोरीत मसाला कालवून पाहिला, माझ्या नवऱ्याने चाखला आणि तो खेळायला एक तास लवकर गेला. रोजची गिऱ्हाइकं माझ्याकडे येऊन विचारतात, सुतक आहे का. मी म्हणते, असतं तर बारा-तेरा दिवसांत फिटलं असतं.

गावकरी मंडळाचे बु काका समेट करायला आले होते. मोठा कोट घालून आले. थोरलीने त्यांना बसवलं, दोन धिरडी खायला घातली (चिकटलेली), सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमची बायको तुमच्याशी शेवटचं कधी बोलली?" ते उठले. तिथून धाकटीकडे गेले. धाकटीने उरलेल्या पीचमधला एक कापून त्यांच्यापुढे ठेवला, त्यांनी खाल्ला, आणि ती म्हणाली, "बघा, तुम्ही कुठे पळालात." तेव्हापासून काका मला रस्त्यात बघून दुसऱ्या फुटपाथवर जातात. (बाकीचे पीच मी खाल्ले. कोणीतरी खायलाच हवे होते. फार गोड होते, हे फुमिएच्या वडिलांना कळव.)

आणि मधे मी. रोज सायकलवरून इकडून तिकडे. धाकटी डब्यात सुकट भरून देते, म्हणते मांजरीला घाल. माझ्याकडे मांजर नाही, हे तिला माहीत आहे. थोरलीला सुकट लागते हेही तिला माहीत आहे. थोरली मीठ लावलेला कोबी बांधून देते, म्हणते जास्त झाला, फेकून दे वाटेत, धाकटीचं घर वाटेत लागतंच. धाकटी म्हणते, अक्कांना रात्री उठावं लागतं, जिन्यातला दिवा चालू ठेव, मला काय, पण पडल्या तर खापर माझ्या डोक्यावर फुटेल. थोरली म्हणते, ती गुडघ्याला पट्टी बांधते का गं, न बांधो, मला काय करायचंय. मी सांगते, बांधते. मग थोरली मान फिरवते आणि म्हणते, चुकीची बांधत असेल.

तुला खरं सांगते, मला तिच्याशी बोलता येत नाही. माझीच आई आहे आणि मला बोलता येत नाही. धाकटीच्या कुशीत मी वाढले, तिला मी काहीही बोलते, ती मला उलथनं फेकून मारते, संपलं. थोरली समोर बसली की मी सहा वर्षांची होते आणि मला खोकला येतो. ती तुझ्याबद्दल विचारते, मी तिच्या औषधाबद्दल विचारते, मग आम्ही दोघी टीव्हीवरची कुस्ती बघतो. परवा मधेच बाबांबद्दल म्हणाली, "वर्षातून एक दिवस तो वेळेवर यायचा. भात निवायच्या आत." बस्स, एवढंच. मी म्हटलं, आई, चहा टाकू का. दुसरं काय म्हणायला हवं होतं ते तुला सुचलं असतं, तू तिचा आहेस.

तर आता ठरवायचं तुला आहे. तू एकुलता एक मुलगा. चुसोकला कोणाच्या पानापुढे वाकणार ते कळव. माझ्याकडे वाकलास तर धाकटीला तोंड दाखवू नकोस, तिकडे वाकलास तर थोरलीला. दोन्हीकडे वाकतो म्हणशील तर ते बाबा करून गेले, त्याचं काय झालं ते आपण दोघांनी पाहिलं आहे. बैठक आहे असं म्हणू नकोस. सगळ्यांनी मिळून तुला शिकवलं, मी शाळा सोडली ती तुला सांभाळायला, ते मी कधी काढत नाही, आताही काढत नाही.

पित्तासाठी कच्चा कोबी खा. फुमिएला सांग, मान एकाच कुशीवर ठेवू नको.

तुझी ताई,
मालसुन

ता. क. हे पत्र फुमिएला दाखवू नकोस. वर दाखव म्हटलं आहे ते विसर. धाकटीने तिला फोनवर सांगून टाकलं आहे की पीच पानात सगळ्यांत पुढे मांडले होते आणि अक्का ते बघून बोलायच्याच थांबल्या. एका परीने खरंच आहे. पोरगी फोनवर रडली म्हणे, आनंदाने. तिला कशाला काही सांगायचं. घरची गोष्ट तू तुझ्या तोंडाने सांग, बोटीपासून, आणि पीचचं आपल्यातच राहू दे.

ता. क. दुसरा. तुला कोणाच्या पानापुढे वाकायचं ते ठरव म्हटलं, पण खरं ते नाहीच. पत्र बंद केलं होतं, परत उघडलं. काल थोरली वाट्या पुसत होती. रोज पुसते, कोणी वापरत नाही तरी. पुसता पुसता म्हणाली, "मी आधी जाणार. मग पान तीच मांडणार. माझ्या पानात पीच ठेवला तर मी आत कशी येऊ?" मी म्हटलं, असं कसं होईल. ती म्हणाली, "मला मुलगी आहे. मुलगी पान मांडते, आत यायची हाक मुलगा मारतो. मुलगा तिचा आहे." तेग्यू, चाळीस वर्षांत ती पहिल्यांदा असं म्हणाली. तुला पाठीवर घेऊन गाडी ओढायची तेव्हा कोणी विचारलं, कोणाचा गं, तर म्हणायची, दिसत नाही का. बाबा दारातून परत गेले त्याचं तिला काही नाही, त्याची तिला सवय आहे. तिला भीती ती स्वतः परत जाण्याची. मी तिला शपथेवर सांगितलं असतं, पण माझ्या शपथेला तिच्या लेखी किंमत नाही, मी मुलगी. तेव्हा ते तूच सांगायला हवं.

ता. क. तिसरा, आणि आता शेवटचा, कागद संपला, हा डाग सॉसचा आहे. मला राहवलं नाही, मी आज सकाळी धाकटीला जाऊन हे सांगितलं. ती भडकली. म्हणाली, "मी? अक्कांच्या पानात? आणि त्याच आधी जाणार हे कोणी ठरवलं? मी आधी गेले तर? यांच्या हातचा रस्सा मला जन्मभर खारट लागला, मेल्यावरही तोच प्यायचा का?" मग उठली, घडीचा पडदा पाठीला बांधला, फोटो काखेत घेतला, आणि माझ्या सायकलच्या मागे बसली. सत्तर वर्षांची बाई, पडद्यासकट. सिग्नलला लोक थांबून बघत होते. थोरली दुकानाच्या पायरीवर कोबी सोलत होती. तिने वर बघितलं आणि म्हणाली, "फोटो उलटा धरलास." धाकटीने सुलटा केला आणि शेजारी बसून एक कोबी पुढ्यात ओढला. एवढंच झालं. कोणी कोणाची माफी मागितली नाही, मागतील असं वाटतही नाही. मी म्हटलं, चला, मिटलं, आता घरी जा दोघी. तर धाकटी म्हणते, इथली माडी हवेशीर आहे. आता ती तिच्या शेगडीसाठी माझ्या नवऱ्याला पाठवते आहे. त्याची कंबर अजून बरी नाही. दोघी मिळून मला सांगताहेत की धिरड्याच्या पिठात मीठ कमी असतं.

पान एकच मांडायचं ठरलं, माझ्याकडे, सत्तावीसला. म्हणून तुला यायची गरज नाही असं समजू नकोस. थोरलीच्या प्रश्नाचं उत्तर अजून कोणी दिलेलं नाही, ती परत विचारणार नाही, आणि धाकटी देऊ शकत नाही. तू फोन कर. बैठकीतून उठून कर. दुपारी तीन ते पाच, तेव्हा तवा रिकामा असतो. मी फोन उचलणार नाही, तिला उचलायला लावीन. फार बोलू नकोस, तिला ऐकू कमी येतं. एवढंच सांग की आई, तुझ्या पानापुढे मी वाकेन आणि हाक मी मारीन. वीस तारखेच्या आत. एकवीसला मी दोघींना घेऊन टोकियोच्या गाडीत बसते, आणि तुझ्या त्या उंच इमारतीत दार सापडलं नाही तर खाली रस्त्यात उभं करून दोघींना एकदम हाक मारायला सांगते, तुझ्या खऱ्या नावाने. वीस तारीख, लक्षात ठेव.